तिकडच्या पानाचा पत्ता

आमच्या सरांना पत्ता विचारू नये, हे ऑफिसात नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवायला हवं होतं. मला कुणी सांगितलं नाही. रुजू झाले त्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "सर, इथं जवळपास चष्म्याचं दुकान कुठं आहे?" यवतमाळातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसानं खुर्चीतून न उठता "चौकातून डाव्या हाताला" म्हणून विषय संपवला असता. सर उठले, चपला घातल्या आणि जिना उतरून चालू लागले. बऱ्याच वेळानं घामाघूम होऊन परत आले.

"हाये. उघडं हाये. पण काच बसवणारा जेवाले गेला. थोड्या वेळानं जा."

"सर, तुम्ही कशाला गेलात? मी गेले असते की."

"मंग? माणूस पाठवाचा आन् तिथी कुलूप असलं तं? पाठवणारा कोण? मी."

मला तेव्हा वाटलं, हा माणूस जरा सरकलेला आहे. पुढे काही वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं आणि माझं मत फारसं बदललं नाही. फक्त त्या सरकलेपणाची सवय झाली, आणि नंतर नंतर तर त्याच्यावाचून करमेना.

ऑफिस म्हणजे आर्णी रोडला एका गॅरेजच्या वरच्या दोन खोल्या. खाली चाचांचं गॅरेज, दिवसभर स्कूटरींची ठोकाठोक. वर आम्ही मोजकी माणसं आणि आमचे कॉम्प्युटर. शेतात, तलावावर, शाळांच्या गच्चीवर पाऊस मोजणारी जी यंत्रं बसवतात, त्यांच्या आकड्यांचे आलेख काढून देणारी एक लायब्ररी आम्ही बनवली होती. यातल्या लायब्ररीचा पुस्तकांशी काही संबंध नाही. तयार कोडचं गाठोडं म्हणायचं, जे जगातल्या कुठल्याही प्रोग्रामरनं फुकट उचलावं आणि आपल्या कामात वापरावं. ते कसं वापरायचं हे सांगणारी पानं इंटरनेटवर ठेवावी लागतात. ती पानं लिहिणं आणि जपणं हे सरांचं काम, आणि मी त्यांची मदतनीस.

आता गंमत अशी की आमची लायब्ररी एकटी कुणाच्याच कामाची नव्हती. ती फक्त आलेख काढायची. यंत्रातून आकडे वाचून आणायचे ते दुसऱ्या एका लायब्ररीनं, आणि ती आमची नव्हती. म्हणून आमच्या पानापानावर लिहिलेलं असे, की आकडे कसे वाचायचे ते तिकडच्या अमुक पानावर पाहा. तिकडच्या पानांवर तसंच, की आलेखासाठी इकडे पाहा. त्या "पाहा"वर बोट ठेवलं की दुसऱ्याचं पान उघडलं पाहिजे. तिकडच्यानं पानाचं नाव बदललं, की पत्ता बदलतो आणि आपली लिंक मरते. या लिंका जित्या ठेवणं, हे सरांनी आयुष्याचं काम असल्यासारखं धरलं होतं.

घाटंजीला माझी आई मला सारखी विचारायची, "पण तू करतेस काय?" एकदा मी तिला सांगितलं, "समज, एका पुस्तकात वरण कसं करायचं ते लिहिलंय, आणि फोडणीसाठी दुसऱ्याच्या पुस्तकातलं पान पाहा म्हटलंय. त्या दुसऱ्यानं पान हलवलं की आम्हाला हलवावं लागतं."

आई म्हणाली, "मंग फोडणी तुमच्याच पुस्तकात लिवा ना. कायले दुसऱ्याच्या दारात जाता?"

हे मी सरांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "आईले सांग, दुसऱ्याच्या घरची गोष्ट आपण आपल्या तोंडानं सांगाची नाई. उद्या त्यानं फोडणी बदलवली तं आपण खोटे पडतो. त्याची गोष्ट त्यालेच सांगू दे. आपण फक्त दारापर्यंत नेऊन सोडाचं." आणि मग, जरा थांबून, "पण दार उघडं हाये का, हे आपण पायलं पायजे."

लग्नसराईत रस्त्यांच्या फाट्याफाट्यावर बाणांच्या पाट्या लागतात. अमक्याची लेक, तमक्याचा मुलगा, आणि खाली लाल बाण. लग्न उरकून माणसं पुढच्या लग्नालाही जाऊन येतात, पण पाटी महिनोन्महिने तशीच लोंबत असते. सरांना हे सहन होत नसे. रविवारी सकाळी पिशवीत पक्कड घेऊन ते स्कूटरवर निघत आणि झालेल्या लग्नांचे बाण तोडून आणत. "लोक अजून त्या बाणाकडं पायतात ना, बाई." मला ते बाईच म्हणत. माझ्याहून मोठ्या मुलींनाही बाई आणि साफसफाईला येणाऱ्या मावशींनाही बाई.

एकदा पावसाच्या सरीनं पाटीवरची तारीख पुसट झालेली. सरांनी ती मागच्या महिन्याची वाचली आणि घाटंजी रस्त्याच्या फाट्यावरचा बाण काढून घरी आणला. लग्न दुसऱ्या दिवशीचं होतं. हे त्यांना चाचांकडे बसलेल्या एका गिऱ्हाइकाच्या बोलण्यातून कळलं, तेव्हा वऱ्हाड निघायची वेळ झालेली. पाटी परत नेऊन बांधायला तारच उरली नव्हती, ती त्यांनी पकडीनं तोडली होती. तेव्हा सर स्वतः जाऊन त्या फाट्यावर उभे राहिले. एक हात कपाळाशी उन्हाला आडवा, दुसरा लग्नाच्या मंडपाकडे लांब केलेला. येणाऱ्या प्रत्येक गाडीला तोंडानंही सांगत, "लग्न इकडं, लग्न इकडं." वधूच्या बापाला वाटलं, मुलाकडच्यांनीच कुणी हौशी माणूस ठेवलाय. त्यानं जेवायला बोलावणं पाठवलं. सरांनी निरोप धाडला, एक गाडी यायची राहिली आहे. ती गाडी वाटेत बंद पडून माघारी गेली होती. सर दिवेलागणीपर्यंत हात लांब करून उभे. हे चाचांनी मला इतक्या वेळा सांगितलं, की मीच तिथं होते असं वाटतं.

सर एकटे राहत. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर घर होतं, आई गेल्यावर खोली राहिली. रविवारी बाण तोडून झाले की ते ऑफिसातच येऊन बसत, कारण घरी बोलायला भिंती. दिवाळीनंतर मला विचारत, "तुमच्याकडं काय काय केलतं?" आणि मी सांगत बसले की चकलीपासून शेवेपर्यंत सगळं ऐकून घेत, मध्ये मान हलवत. मला त्यांचं वाईट वाटायचं. ते त्यांना कळलं असतं तर माझ्यावर रागावले असते, म्हणून मी फराळाचा डबा "सगळ्यांसाठी" म्हणून आणायची आणि त्यांच्या टेबलावर ठेवायची.

एकदा मी त्यांना जयंतीला घाटंजीला बोलावलं. बाबासाहेबांच्या जयंतीला आमच्याकडे सगळं गणगोत जमतं, मांडीला मांडी लावून पंगती बसतात. सर आदल्या दिवशीच येऊन थडकले. मी म्हटलं, "सर, उद्या आहे." म्हणाले, "माईत हाये. घर पाहून ठेवलं." माझ्या बाबांच्या हातचं पाणी प्यायले आणि आल्या पावली परत गेले. दुसऱ्या दिवशी बरोबर पंगतीला हजर. जेवताना माझे दोन्ही काका विहाराच्या कमिटीवरून भांडले, म्हणजे दरवर्षीप्रमाणे भांडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र वाटी हातात धरून इतके रमून ऐकत होते, की वाढणाऱ्यांना दोनदा हाक मारावी लागली. निघताना मला म्हणाले, "तुमच्या घरी भांडण मस्त होते, बाई."

भांडण सरांकडेही होतं, पण ते कागदोपत्री. त्या दुसऱ्या लायब्ररीचा जो कर्ता होता, तो राजूरला राहायचा, वणीच्या पलीकडे, खाणीच्या गावात. सर त्याला नावानं कधी बोलवत नसत. "तिकडचा" म्हणत. मी नवीन असताना समजत होते की तिकडचा म्हणजे परदेशातला कुणी असावा. खरं काय ते मला चाचांनी सांगितलं.

"बेटी, दोनों इधरच बैठते थे," चाचा म्हणाले, "इसी ऊपर के कमरे में. एक डब्बे में खाते थे. तुरी की शेंगा लाते थे उबाल के, और छिलके मेरे गैरेज पे फेंकते थे, दोनों मिल के."

"मग झालं काय?"

"कुछ नहीं. बरसात का पहला दिन, उसको एक बोलना कि जीरो बोलना. बस. इस पे झगड़ा."

मला वाटलं चाचा थट्टा करतात. पण तसंच होतं. दोन्ही लायब्रऱ्या तेव्हा एकाच खोलीत जन्मत होत्या. मित्राचं म्हणणं, कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो, तेव्हा पावसाचा पहिला दिवस शून्य. सरांचं म्हणणं, कोणत्याही माणसाला विचार, पहिला म्हणजे एक. कुणी हटेना. एके दिवशी मित्र आपलं सगळं काम उचलून राजूरला निघून गेला, वडील खाणीत होते तेव्हा बांधलेल्या घरात. तिकडे पहिला दिवस शून्य राहिला, इकडे एक. आणि म्हणूनच दोन्हीकडच्या पानापानावर लिहावं लागलं, की बाबांनो, मोजणी वेगळी आहे, तिकडचं पान पाहा. भांडले नसते तर निम्म्या लिंकांची गरजच नव्हती.

चाचा सरांना तोंडावर म्हणत, "सर, दोस्त से बात करनी है तो फोन लगाओ. मशीन को काहे को तकलीफ देते?"

सर म्हणत, "नंबर हाये माह्याकडं. पण गेलता तो. पयले त्यानं लावाचा."

दर सोमवारी सकाळी सर मशीन चालवत. मशीन म्हणजे कॉम्प्युटरवरचा एक छोटा प्रोग्राम. आमच्या पानांवरच्या सगळ्या लिंका घेऊन तो तिकडच्या पानांच्या यादीशी ताडून पाहायचा. जिथं पान सापडत नसे तिथं पडद्यावर लाल ओळ उमटे. आणि उमटायचीच. तिकडच्याला पानांची नावं बदलायची काय खोड होती कोण जाणे. आज एका पानाचं नाव आखूड करायचा, पुढच्या खेपेला तेच लांबण लावून ठेवायचा. आत मजकूर तोच, पत्ता नवा.

लाल ओळ आली की सरांच्या अंगात यायचं. चष्मा कपाळावर ढकलून ती मोठ्यानं वाचत. "पाय, पाय बाई, बदलवलं पुन्हा! काहून? कोणाचं काय बिघडलं होतं जुन्या नावानं? लोकं त्याच्या भरोशावर बसले हायेत, याले काही वाटते का?" मग तिकडच्या तक्रारींच्या उघड्या जागेत, जिथं जगातला कुणीही वाचू शकेल तिथं, इंग्रजीत एक ओळ लिहीत. अतिशय सभ्य. आपल्या अमुक पानाचा पत्ता बदललेला दिसतो, कृपया जुना पत्ताही चालू ठेवावा, ही विनंती. ज्याच्याबरोबर एका डब्यात जेवले त्याला असं लिहायचं म्हणजे कमाल होती. उत्तर यायचं दुपारपर्यंत. कधी "पाहतो", कधी "नाही". एवढंच. सर ते वाचत आणि म्हणत, "आला जवाब." मग मरण पावलेली लिंक स्वतःच्या हातानं दुरुस्त करायला बसत. त्या दिवशी त्यांना भूक चांगली लागे, हे मी पाहिलेलं आहे.

आमच्या मालकांनी सुचवून पाहिलं की हे दुरुस्तीचं काम मशीनलाच करू द्या, येतं त्याला. सरांनी ऐकलं नाही. मशीनला पान सापडलं की झालं, त्या पानात आपण सांगितलेली गोष्ट अजून आहे का हे माणसानंच वाचायला हवं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे तिकडची सगळी पानं सर पुन्हा पुन्हा वाचत. मित्राचं प्रत्येक वाक्य त्यांना पाठ होतं. कुठं त्यानं घाईत लिहिलंय, कुठं मन लावून लिहिलंय, ते मला दाखवत. "हे पाय, इथी त्याचा मूड खराब होता." मी म्हणायची, सर, हे तर फक्त आकडे वाचायची रीत आहे. ते म्हणायचे, "तुले नाई समजाचं."

मागच्या वर्षी पोळा झाला, आणि त्यानंतरच्या सोमवारी एकही लाल ओळ आली नाही.

सरांनी मशीन पुन्हा चालवलं. पुन्हा काही नाही. "बिघडलं वाटते," म्हणून त्यांनी एका लिंकेचा पत्ता मुद्दाम चुकवून पाहिला, तर तेवढी एकच लाल ओळ आली. मशीन ठीक होतं. पुढच्या सोमवारी तेच, त्याच्या पुढच्याही. सर आधी चिडचिडे झाले, काम नसल्यासारखे खोलीत फिरू लागले. मग गणपती गेल्यावर एका सोमवारी जिना चढले ते हातात आलुबोंड्यांचा भला मोठा पुडा घेऊन. तेल कागदातून झिरपलेलं. सगळ्यांना वाटले, खाली चाचांना दिले, त्यांच्या गिऱ्हाइकांनाही दिले.

"कशाबद्दल सर?"

"सुधारला तिकडचा!" त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "इतक्या दिवसांत एक पत्ता नाई हालवला. समजलं त्याले. बाई, पत्ता न बदलवणं म्हणजे काय माईत हाये का? आपल्या भरोशावर कोणी हाये, हे ध्यानात ठेवणं. बोलला नाई तो. पण सांगतलं त्यानं."

चाचा म्हणाले, "तो अब तुम लगाओ फोन." सर म्हणाले, "फोन नाई. आता मी जातो." ज्या माणसानं इतकी वर्षं "पयले त्यानं" सोडलं नव्हतं, त्याला वाटत होतं की पहिलं पाऊल तिकडून पडलेलं आहे. आता जायला कमीपणा नव्हता. मीसुद्धा मनापासून खूश झाले. आलुबोंडे गरम होते आणि मी दोन खाल्ले.

जाऊ जाऊ म्हणता थंडी पडली. कारण विचारलं तर म्हणत, शेंगा येऊ दे. तुरीच्या ओल्या शेंगा बाजारात आल्या तेव्हा त्यांनी त्या मीठ घालून घरी उकडल्या आणि स्टीलच्या डब्यात भरल्या. माझी बहीण मारेगावला दिलेली आहे, मी तिच्याकडे निघाले होते, तर सर एसटीत माझ्या शेजारी येऊन बसले. "मारेगावले नंतर उतर. पयले माह्यासंगं राजूरले चाल. आम्ही दोघंबी बोललो नाई तं कोणीतरी बोलणारं पायजे."

करंजी येईपर्यंत त्यांनी तीनचारदा डब्याचं झाकण घट्ट केलं. मी विचारलं, "सर, फोन केलाय ना? घरी असतील ना ते?"

"फोन केला तं नाई म्हणीन. त्याचा काही भरोसा हाये का?" मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मी त्याले म्हणतो, शून्य तं शून्य. तिकडं तुह्यं शून्य राहू दे. मले काही नाई त्याचं."

वणीला उतरून ऑटो केली. राजूरला एका अंगाला कोळशाची धूळ, दुसऱ्या अंगाला चुनाभट्ट्यांची, झाडं कुठं काळी तर कुठं पांढरी. सरांना घर विचारावं लागलं नाही. मधला एवढा काळ गेला तरी ऑटोवाल्याला "इथून वळ, आता इथून" सांगत त्यांनी थेट दारासमोर नेलं. दार उघडं होतं. आत एक बाई मेथी निवडत बसल्या होत्या. सरांना पाहून त्या उठल्या, आणि उठतानाच मांडीवरची मेथी खाली सांडली.

"वहिनी, हाये का तो घरी?" सरांनी दारातूनच विचारलं. आवाज मोठा, आत कुणाला तरी ऐकू जावा असा.

वहिनी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमाले कोणी नाई सांगतलं?"

सरांनी डबा दुसऱ्या हातात घेतला.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी गेले ते. सकाळी छातीत दुखते म्हणाले, वणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. तुमाले कळवाचं होतं मले. पण त्यायच्या फोनचं लॉक मले उघडता येत नाई, आन् तुमचा नंबर तं त्यातच. लेकीले बी माईत नव्हता."

मी सरांचा दंड धरला. ते आत आले आणि भिंतीला लागून खाली बसले, डबा मांडीवर. समोर टेबलावर कॉम्प्युटर होता, त्यावर टॉवेल टाकलेला. पाणी आलं, ते त्यांनी घेतलं नाही. मी हिशेब लावत होते आणि तो लागू नये असं मला वाटत होतं. पोळ्यानंतरचा पहिला सोमवार. जो माणूस पानांची नावं बदलायचा तोच उरला नव्हता, म्हणून एकही पत्ता हलला नव्हता. आणि आम्ही त्याला शहाणपण आलं म्हणत होतो.

वहिनींना यातलं काही माहीत नव्हतं. घरात बऱ्याच दिवसांनी त्यांच्या माणसाचं कुणी आलं होतं, त्या बोलत राहिल्या.

"सोमवारी तं त्यायचं लक्षच नसे जेवणात. तुमची ती तक्रार आली की मले वाचून दाखवत. 'आलं पाय साहेबाचं पत्र. आपल्या पानाचा पत्ता म्हणते, आपल्या!' आन् असे हसत. मंग आठवडाभर बसून शोधत, आता कोणतं नाव बदलवू म्हणून. मी म्हणो, कायले छळता त्या माणसाले? फोन लावा ना सरळ. तं म्हणत, फोन लावला तं तो भाव खाईन." त्या जरा हसल्या. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "म्हणत, छळलं नाई तं तो गप बसते. आन् तो गप बसला तं मले कसं मालूम पडन, हाये का गेला?"

बाहेरून खाणीचा ट्रक गेला, भांडी थरथरली.

सर म्हणाले, "वहिनी, तो गेला तवा मी आलुबोंडे वाटले."

वहिनींना अर्थातच काही समजेना. त्या माझ्याकडे पाहू लागल्या. सरांनी मान खाली घातली होती आणि डबा दोन्ही हातांनी दाबून धरला होता, तेव्हा मलाच सांगावं लागलं. लाल ओळी, त्या थांबल्या ते, सर किती खूश झाले ते, आणि चाचांच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचलेला पुडा. वहिनी शांतपणे ऐकत होत्या. झाल्यावर उठल्या, सरांच्या हातातून डबा काढून घेतला, उघडून पाहिला.

"शेंगा," त्या म्हणाल्या. "मीठ जास्त घातलं असन तुमी. ते म्हणतच होते, त्याच्या हाताले मिठाचा अंदाज नाई."

तेव्हा सर रडले. मोठा माणूस लाजून रडतो तसं नाही, लहान मुलासारखं, नाक पुसत. वहिनी पण रडल्या. मी मेथी गोळा करायला लागले, कारण तिथं मला करण्यासारखं तेवढंच होतं. मग त्यांनी त्या मेथीची भाजी केली, ज्वारीच्या भाकरी टाकल्या आणि आम्हाला जेवायला बसवलं. शेंगा ताटलीत मध्ये ठेवल्या होत्या. मीठ खरंच जास्त होतं. सरांनी आणि वहिनींनी मिळून सगळ्या संपवल्या.

निघताना सर दारात थांबले. चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या.

"वहिनी, मी सोमवारी फोन करू का?"

"कायले, भाऊजी?"

"काम काही नाई. असाच. तुमी हाये का, एवढंच पायतो."

वहिनींनी ओले हात पदराला पुसले. मग त्यांनी आपला नंबर सांगितला. सरांनी तो माझ्याकडून दोनदा तपासून घेतला आणि तिथंच उभं राहून एकदा लावून पाहिला. आत कुठंतरी फोन वाजला.

"करा," वहिनी म्हणाल्या. "आन् नाई उचलला तं पुन्हा लावा, भाऊजी. मी मागं धुणं धूत असते, ऐकू येत नाई."